'भावी साहेब' ही ओळख उतरवायची कशी?

प्रति,
मा. संपादक

महोदय,

राज्यसेवेचा किंवा पोलीस उपनिरीक्षक पदाचा निकाल लागला की सांगली-साताऱ्यात गावोगाव गुलाल उधळला जातो आणि तुमच्या-आमच्या वर्तमानपत्रात त्या मुला-मुलींचे फोटो येतात. ते यायलाच हवेत. पण त्याच गावात तिशी गाठलेला एखादा मुलगा असतो, ज्याच्या वाढदिवसाच्या फलकावर चार-पाच वर्षांपूर्वीच 'भावी अधिकारी' छापलेलं असतं. गल्लीत त्याला अजून 'साहेब' म्हणून हाक मारतात. अभ्यास त्याने मनातून केव्हाच सोडलेला असतो, तरी तो रोज सकाळी पाठीला सॅक लावून अभ्यासिकेत जातो, कारण न जावं तर आपण कोण, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. हे पत्र त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. अभ्यासिका चालवणं, मार्गदर्शन करणं आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांना कामाला लावणं हे आमचं रोजचं काम असल्यामुळे, ही उसनी ओळख सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं ते इथे सविस्तर मांडतो आहोत.

आधी हे ठरवायला हवं की थांबायचं आहे की नाही. ते मनाच्या लहरीवर ठरवू नये, आणि निकालाच्या रात्री तर मुळीच नाही. निकालानंतर पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि मग शेवटच्या तीन पूर्व परीक्षांचे गुण व कटऑफ एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. चुकलेल्या उत्तराला पाव हिश्श्याने, म्हणजे अर्धा गुण कापला जातो. तीस उत्तरं चुकली तर पंधरा गुण तिथेच गेले. तुमचं नाव सात-आठ गुणांनी हुकलं असेल तर दोष अंदाजाने गोळे भरण्यात असू शकतो, आणि तो दुरुस्त होतो. पण कापलेले सगळे गुण परत मिळवले असं धरूनही तुम्ही कटऑफच्या खालीच राहत असाल, आणि असं तीनदा घडलं असेल, तर नवी टेस्ट सिरीज लावून ते अंतर भरून निघत नाही. मुख्य परीक्षेचंही तसंच. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, लेखीला १७५० गुण आणि मुलाखतीला २७५. ज्यांची सगळी वर्षं पर्याय निवडण्याच्या सरावात गेली, त्यांनी घड्याळ लावून सलग तीन तास हाताने लिहून पाहावं. दोन महिने रोज लिहायची तयारी आहे का, याचं खरं उत्तर त्या तीन तासांत मिळतं.

दुसरी तपासणी तासांची. सात दिवस वहीत फक्त प्रत्यक्ष वाचलेला वेळ लिहायचा. अभ्यासिकेतला दिवस जवळून पाहिला तर असा असतो: साडेसातला जागा धरली, नऊपर्यंत पेपर, मग खाली चहा आणि काल कुठल्या विभागाची जाहिरात निघणार होती त्याची चर्चा, दहाला मोबाईलवर दीडपट वेगाने लेक्चर, मध्येच टेलिग्रामवर आन्सर कीवरून वाद, दुपारी मेसचा डबा, टेबलावर डोकं टेकून डुलकी, चारला पुन्हा चहा. घरी सांगताना 'दहा तास' होतात आणि वहीत साडेतीन-चार भरतात. यात आळशीपणा शोधू नये. ज्या गोष्टीवरचा विश्वास उडालेला आहे ती माणूस रेटून करायला लागला की असंच होतं. पण आकडा स्वतःला तरी खरा सांगायला हवा.

तिसरी तपासणी आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कुणी करत नाही. हवंय ते पद की त्या पदाचं काम? एक दिवस काढून तहसील कार्यालयात जाऊन बसावं. नायब तहसीलदाराच्या वाट्याला सुनावण्या, दाखले, पंचनामे, निवडणुकीची कामं, वाळूच्या गाड्या अडवायला रात्रीची फेरी आणि वरून येणारे फोन असतात. मोटारीवरचा दिवा तर १ मे २०१७ पासून देशभरच निघाला, तरी पोरांच्या स्टेटसवर अजून तो फिरतो आहे. हे काम पाहून मन ओढलं जात असेल तर ती तुमची खरी आवड आहे, आणि तिला सरकारी खुर्चीबाहेरही वाट आहे. जमिनीचे वाद, सातबारा, फेरफार यांत रस असेल तर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, त्याला वयाची आडकाठी नाही, आणि महसुली दाव्यांत तुमचा अभ्यास वाया जात नाही. कामात काहीच रस वाटला नाही, फक्त 'भावकीत मान राहील' एवढंच उरलं, तर ती इच्छा बहुधा दुसऱ्या कुणाची तरी आहे.

वयोमर्यादेबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत बसता येतं, म्हणून 'अजून आठ वर्षं आहेत' असं म्हटलं जातं. पोलीस शिपाई भरतीला मात्र २८ आणि ३३ ही मर्यादा आहे. यूपीएससीला खुल्या प्रवर्गातून ३२ वर्षांपर्यंत सहाच प्रयत्न मिळतात, आणि पूर्व परीक्षेच्या एका पेपरला जरी बसलं तरी तो प्रयत्न मोजला जातो. पण शासनाची मर्यादा म्हणजे तुमची मर्यादा नव्हे. पदवीला जितकी जास्त वर्षं होतात तितक्या अप्रेंटिसशिपच्या आणि नव्या उमेदवारांच्या जागा हातातून जातात. पैशाचं गणितही मांडून पाहावं. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिका, पुस्तकं मिळून महिन्याला दहा हजार धरले तर पाच वर्षांत सहा लाख होतात. त्याच पाच वर्षांत महिना पंधरा हजारांची नोकरी केली असती तर नऊ लाख हातात आले असते. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून पाहा. एक मात्र नक्की: गेलेले पैसे वसूल करायचे म्हणून पुढचं वर्ष घालवू नका. ते कोणत्याही मार्गाने परत येणार नाहीत.

आता थांबायचं ठरलं असं समजू. पहिलं काम तारीख ठरवण्याचं. 'बघू पुढच्या जाहिरातीपर्यंत' ही तारीख नव्हे, कारण जाहिरात नेहमी निघणारच असते. कॅलेंडरवरचा दिवस लिहायचा. त्यानंतर कोणते फॉर्म भरायचे तेही आधीच लिहून ठेवायचं: एकही नाही, किंवा नोकरी करता करता वर्षाला एक. इथे बहुतेक जण घसरतात. दोन महिने कामावर जातात, मग मित्राचा फोन येतो, 'जागा जास्त आहेत, नुसता फॉर्म भर', आणि परीक्षा जवळ आली की नोकरी सुटते. नोकरीत राहून परीक्षा द्यायला आमचा विरोध नाही, उलट अनेकांना ते जास्त मानवतं. परीक्षेसाठी नोकरी सोडायची नाही, एवढी अट मात्र पाळायची.

मग सांगण्याचा भाग येतो. त्याला क्रम आहे. आधी घरातलं एकच माणूस निवडायचं, जे ओरडणार नाही असं. बऱ्याचदा ती बहीण असते किंवा चुलता. त्यांच्यासमोर गुणांचा तो कागद ठेवायचा. त्याच आठवड्यात आई-वडिलांना सांगायचं, समोर बसून, फोनवर नाही. यात्रेत, दिवाळीत किंवा पाहुणे आलेले असताना सांगू नये. वडिलांना चारचौघांत सावरून घ्यावं लागतं आणि राग दुप्पट होतो. सांगताना 'मला जमत नाही' एवढ्यावर थांबू नये. 'अमुक तारखेपासून थांबतोय, अमुक कामाला जातोय, पहिल्या महिन्यापासून घरात इतके देणार आहे' हे तिन्ही एका दमात सांगावं. रिकामा निर्णय ऐकला की घरचे घाबरतात, आणि घाबरलेला माणूस 'अजून एक वर्ष बघ' असंच म्हणतो.

काही घरांत गाठ याहून अवघड असते. 'मुख्य पास झालो, मुलाखत राहिलीय', 'वेटिंगला नाव आहे' असं सांगितलेलं असतं आणि ते खरं नसतं. एकदा बोलून गेलं की मागे येता येत नाही, म्हणून पुढचं खोटं उभं राहतं. लोकसेवा आयोग गुणवत्ता यादी आणि शिफारस यादी संकेतस्थळावर टाकतो आणि ती कुणालाही पाहता येते, तेव्हा हे फार दिवस टिकत नाही. त्यातून पुढे गणवेश शिवणं, ओळखपत्र छापणं असले प्रकार होतात. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नात्याने काही केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी. या खोट्यावर लग्न ठरत असेल तर साखरपुड्याआधी बोलायलाच हवं. त्या मुलीचं आयुष्य तुमच्या संकोचापेक्षा महत्त्वाचं आहे. हे कबूल करताना कारणं देत बसू नये. काय सांगितलं होतं, खरं काय आहे आणि कधीपासून, एवढंच. घरचे दोन-तीन दिवस बोलणार नाहीत. घर सोडून न जाता ते दिवस तिथेच काढायचे.

मुलींसाठी हा क्रम उलटा आहे, आणि हे सांगणारं कुणी भेटत नाही. 'ती परीक्षा देतेय' या एका वाक्यावर अनेक मुलींचं लग्न लांबलेलं असतं. तिने थांबते म्हणताच पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येतात. तेव्हा मुलींनी आधी काम मिळवावं, शक्य तर राहायच्या सोयीसह, पहिला पगार खात्यात येऊ द्यावा आणि मग सांगावं. खातं स्वतःच्या एकटीच्या नावाचं असावं आणि ओटीपी येणारा मोबाईल नंबर स्वतःचा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले स्वतःजवळ ठेवावेत. लग्न करायचंच नाही असा याचा अर्थ नाही. केव्हा आणि कुणाशी हे तिला स्वतःच्या नावाने ठरवता यावं, परीक्षेच्या आडोशाला उभं राहून नव्हे, इतकंच.

पहिले तीन महिने सगळ्यांत नाजूक. उठायची वेळ बदलू नये. जुन्या अभ्यासिकेत 'सहज बसायला' जाऊ नये. टेलिग्रामचे ग्रुप एकाच दिवशी सोडावेत आणि व्हॉट्सअॅपच्या माहितीत लिहिलेलं 'भावी' काढून टाकावं. पुस्तकांचा संच अभ्यासक्रम बदलायच्या आत विकावा किंवा कुणाला देऊन टाकावा. तीस दिवसांच्या आत हातात पैसे पडतील असं कोणतंही काम धरावं, मनासारखं नसलं तरी. मनासारख्या कामाची वाट पाहणं हा तयारीचाच पुढचा भाग होऊन बसतो. याच काळात झोप उडणं, जेवण न जाणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर त्याला 'निकालाचं टेन्शन' म्हणून सोडून देऊ नये. जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

कामाचं म्हणाल तर आपले जिल्हे कोरडे नाहीत. शिरवळ, सातारा, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या औद्योगिक वसाहतींत स्टोअर, डिस्पॅच, गुणवत्ता तपासणी या कामांना लिहिता-वाचता येणारी, हिशेब ठेवणारी माणसं लागतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे आणि तासगावात बेदाण्याचे व्यापारी, कोल्ड स्टोरेजवाले, पतसंस्था, साखर कारखान्यांची कार्यालयं यांना टॅली आणि जीएसटी येणारा माणूस चालतो, आणि ते तीन-चार महिन्यांत शिकता येतं. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही. तिशीत वेल्डिंग किंवा इलेक्ट्रिशियन शिकायला लाज वाटते ती फक्त पहिल्या आठवड्यात. स्वतःचा धंदा करायचा असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. तिथे प्रवर्ग आणि ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ किंवा १० टक्के भरावा लागतो. बँकेत प्रकरण अडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: प्रकल्प अहवाल कुणाच्या तरी अहवालाची नक्कल असतो, किंवा जागेचे कागद अपुरे असतात. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या घेऊन देशभर गेली, ती कुठलीही पाटी लावून गेली नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' याच मातीत रुजवलं. हाताला काम आणि शिक्षण एकत्र चालतं हे आपल्याला नव्याने शिकायचं नाही.

बायोडाटात मोकळी वर्षं दिसतात म्हणून अनुभवाचं खोटं प्रमाणपत्र जोडायचा मोह होतो. ते करू नये. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कुठे किती महिने काम केलं ते कंपनीला कळतं आणि नोकरी लागल्यावर सुटते. सरळ लिहावं: '२०१९ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची तयारी, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत.' त्याखाली काय येतं ते लिहावं: मराठी मसुदालेखन, लांब अहवालाचा सारांश, कायद्याची कलमं वाचून समजणं. मुलाखतीत 'पुन्हा जाहिरात निघाली तर जाणार का?' हे विचारणारच. कॅलेंडरवर लिहिलेली तारीख तिथे कामाला येते.

मैदानावरच्या मुलांबद्दल थोडं. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक यांतच ज्यांची वर्षं गेली, त्यांना गावात 'फौजी' म्हणतात. अपशिंग्यासारखी सैनिकांची गावं असलेल्या जिल्ह्यात हे नाव जड असतं, उतरवताना अपराधी वाटतं. नडगीच्या दुखण्यावर गोळ्या घेऊन धावत राहणं त्याच अपराधीपणातून येतं, आणि तिथे हाडाला सूक्ष्म भेगा पडू शकतात. अग्निवीर म्हणून गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षंही आता पूर्ण होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम घेण्याची तरतूद आहे, म्हणजे बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी येणार. त्यांना 'परत आला का?' असं विचारणारं गाव नको. चार वर्षांनंतर एकरकमी मिळणारे सेवानिधीचे पैसे आल्या आल्या मोटारीत घालू नयेत, आणि सहा महिने कुणालाही उसने देऊ नयेत.

पालकांना एकच मागणं. मुलाला 'पुढची जाहिरात कधी?' हा प्रश्न विचारणं थांबवा. 'आज काय केलंस?' असं विचारा. बाहेर कुणी विचारलं तर 'तो अमुक ठिकाणी कामाला आहे' असं तुम्ही स्वतः आधी सांगा. बाप हे सहज सांगतो आहे असं दिसलं की गल्लीही तेच म्हणायला लागते. ग्रामपंचायतींनी आणि मंडळांनी निकाल लागण्याआधी 'भावी' लिहिलेले फलक लावायला परवानगी देऊ नये.

आणि प्रशासनाला एक विनंती, जी आपल्या वर्तमानपत्रातून पोहोचावी असं वाटतं. कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यांत बऱ्याच पदांसमोर 'फ्रेशर' लिहिलेलं असतं आणि अठ्ठावीस-तीस वर्षांचा पदवीधर दारातूनच मागे फिरतो. सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी वर्षातून एकदा, राज्यसेवेच्या अंतिम निकालानंतरच्या महिन्यात, केवळ २८ ते ४० वयोगटासाठी मेळावा घ्यावा. तिथे कंपन्यांसोबत आयटीआय, जिल्हा उद्योग केंद्र आणि समुपदेशक यांची टेबलं असावीत. त्याची सूचना प्रत्येक अभ्यासिकेच्या फलकावर लावायची जबाबदारी आम्ही घेतो.

आपले,
अभ्यासिका चालवणारे आणि मार्गदर्शन करणारे काही जण,
सांगली